मोनोरेल, मुंबईची

मोनोरेल : दोन रुळांऐवजी एकाच तुळईवरून धावणारी किंवा तुळईला खालून लटकून जाणारी प्रवासी गाडी. भारतातल्या शहरी वाहतुकीत आधुनिक काळात अशी एकच सेवा प्रत्यक्ष चालली, ती मुंबईत, चेंबूर ते संत गाडगे महाराज चौक. लांबी सुमारे १९.५ किमी, स्थानके १७. वडाळा ते चेंबूर या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन १ फेब्रुवारी २०१४ रोजी झाले, तर वडाळ्याहून दक्षिणेकडचा दुसरा टप्पा ३ मार्च २०१९ रोजी सुरू झाला. २० सप्टेंबर २०२५पासून दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी सेवा थांबवण्यात आली. सबंध मार्ग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला तो साडेसहा वर्षे, आणि त्यात कोविडच्या टाळेबंदीचे महिनेही आलेच.

दक्षिण टोकाच्या स्थानकाचे नाव वऱ्हाडातल्या वाचकाला थांबवणारे आहे. मुंबईकर ज्याला जुन्या सवयीने सात रस्ता किंवा जेकब सर्कल म्हणतात, तो हा चौक. गाडगे महाराज अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला तोही अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ. हातात खराटा घेऊन गावोगाव पायी फिरलेल्या माणसाचे नाव देशातल्या सर्वांत अधांतरी गाडीच्या शेवटच्या थांब्याला मिळाले, हा योगायोग खुद्द महाराजांनी एखाद्या कीर्तनात चांगला रंगवला असता.

रचना : मुंबईची मोनोरेल तुळईवर मांड ठोकून बसणाऱ्या प्रकारची. तुळई काँक्रीटची, जेमतेम पाऊण-एक मीटर रुंद, उंच खांबांवर टेकवलेली. डब्याखालची रबरी चाके तुळईच्या माथ्यावरून फिरतात. आणखी काही आडवी चाके दोन्ही बाजूंनी तुळईला चिकटून गाडीचा तोल सांभाळतात. वीज ७५० व्होल्ट, तुळईच्या अंगाला बसवलेल्या पट्टीतून गाडीखालचे संग्राहक ती घासत घासत उचलतात. हा संग्राहक पट्टीपासून सुटला की गाडी जागच्या जागी थांबते, दिवे जातात, वातानुकूलन बंद पडते. पुढे काय घडले ते समजण्यासाठी हा एवढा तपशील लक्षात ठेवावा.

या रचनेचे गुण खरे आहेत. खांब बारीक, जागा कमी, चढ आणि वळणे सहज, आवाज कमी. दोषही रचनेतच आहेत. साध्या रेल्वेत सांधा बदलायचा तर दोन टोकदार पाती सरकवली की झाले. इथे अख्खी तुळई यंत्राने वाकवून दुसऱ्या तुळईला नेऊन भिडवावी लागते. म्हणून सांधे थोडे ठेवतात, आणि सांधे थोडे म्हणजे बंद पडलेली गाडी बाजूला काढायच्या जागाही थोड्या. शिवाय तुळईच्या कडेने पायवाट नसते. लोकल बंद पडली की माणूस उडी मारून खडीवरून चालू लागतो. मोनोरेल बंद पडली की खाली पाहतो आणि वाट बघतो.

उद्यानातून शहरात : ही गाडी जगात लोकप्रिय झाली ती करमणुकीच्या जागी. आल्वेग पद्धत, म्हणजे काँक्रीटच्या तुळईवर बसणारी गाडी, स्वीडिश उद्योगपती अ‍ॅक्सेल वेनर-ग्रेन यांच्या कंपनीने विकसित केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ते नाव पडले. १९५९मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये ती फिरू लागली. १९७१मध्ये फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले तेव्हा मोनोरेल तिथल्या वाहतुकीचा कणा होती. ती तर चक्क एका हॉटेलच्या इमारतीतून जाई, अजूनही जाते. १९८२मध्ये एप्कॉट उद्यानापर्यंत फाटा नेला, आणि तिथेच तुळई संपली. १९८९ आणि १९९८ साली त्याच आवारात आणखी दोन मोठी उद्याने झाली. त्यांच्यापर्यंत मोनोरेल कधीच पोचली नाही. पाहुण्यांना बसगाड्यांनी नेण्यात आले, २०१९पासून काही ठिकाणी रोपवेने. सध्याच्या गाड्यांची पिढी १९८९च्या सुमाराची आहे. ५ जुलै २००९ रोजी सांधा बदललेला नसताना एक गाडी मागे घेण्यात आली, ती मागे उभ्या असलेल्या गाडीवर आदळली आणि एका तरुण चालकाचा जीव गेला. एवढ्या श्रीमंत उद्यानालाही आपल्या गाडीचे म्हातारपण आणि आपल्या वाहतुकीचा आराखडा नीट सांभाळता आला नाही, एवढे यावरून दिसते.

उद्यानात ही ढिलाई खपून जाते, कारण तिथे गाडी हाच खेळ असतो. शेगावच्या आनंदसागरात शाळेच्या सहलीतून जाऊन ज्यांनी छोट्या रेल्वेची चक्कर मारली आहे त्यांना हे ठाऊक आहे: गाडी जिथून निघाली तिथेच परत आली तरी कोणी तक्रार करत नाही. गोराईच्या एस्सेलवर्ल्डला (१९८९) जाताना मार्व्याहून लाँच धरायची, तीही मुलांना पाळण्याइतकीच आवडे. शहरातल्या माणसाचे वेगळे. त्याला सकाळी एका ठिकाणी पोचायचे असते आणि संध्याकाळी परतायचे असते. तोकिओने १९६४मध्ये विमानतळ आणि शहर यांच्यात मोनोरेल घातली, चीनच्या चोंगचिंगने २००५च्या सुमारास डोंगर-नद्यांच्या शहरात तिचे जाळे विणले. दोन्ही ठिकाणी गरज आधी ठरली, गाडी मागाहून. सिडनीची मोनोरेल १९८८मध्ये बंदराच्या पर्यटनासाठी सुरू झाली आणि २०१३मध्ये काढून टाकली.

मुंबईतला घाट : मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) २००८ साली लार्सन अँड टुब्रो आणि मलेशियाची स्कोमी यांच्या संयुक्त समूहाला काम दिले. खर्च सुमारे २,७०० कोटी रुपये. गुलाबी, हिरव्या, निळ्या रंगाच्या चार-चार डब्यांच्या गाड्या मलेशियातून आल्या. मेट्रो जिथे शिरू शकत नाही अशा दाट वस्तीत लोकलपर्यंत माणसे आणून सोडणारी पूरक सेवा, अशी मूळ कल्पना होती. कल्पना वाईट नव्हती. मार्ग मात्र पाहावा: पहिल्या टप्प्यातली स्थानके भक्ती पार्क, मैसूर कॉलनी, भारत पेट्रोलियम, फर्टिलायझर टाउनशिप. म्हणजे एका बाजूला तेलशुद्धीकरणाची टाकी, दुसऱ्या बाजूला खत कारखान्याची वसाहत. तिथे दाट वस्ती कमी आणि कुंपणे जास्त.

सुरुवातीच्या दिवसांत रांगा लागल्या, पण त्या सहलीच्या. आजी-आजोबा, नातवंडे, मोबाइलवर चित्रे. तिकीट ५ ते ११ रुपये, आणि गाडी सकाळी ७ ते दुपारी ३ एवढीच. कामावर जाणाऱ्याने जावे कसे हे ठरले होते, परतावे कसे हे नव्हते. पुढे वेळ वाढली, पण सवय लागायची ती लागली नाही. प्रवासी दिवसाला लाखाच्या पुढे जातील असे धरले होते. दोन्ही टप्पे सुरू झाल्यावर आणि सगळे सुरळीत असतानाही आकडा पंधरा-वीस हजारांच्या आसपास राहिला.

जोडणीची हेळसांड हा खरा आजार. अमरावतीहून रात्रीच्या अंबा एक्सप्रेसने निघालेला, टाटा रुग्णालयात तपासणीसाठी आलेला वऱ्हाडी रुग्ण सकाळी दादरला उतरतो. गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा तिथे आहे, म्हणून दादर त्याला परके नसते. मोनोरेलच्या एका स्थानकाचे नावही दादर पूर्व. पण लोकलच्या पुलावरून उतरून सरळ त्या स्थानकात शिरावे, अशी सोय कोणी केली नाही. मोनोरेलचे वडाळा डेपो आणि लोकलचे वडाळा रोड ही एका नावाची दोन स्थानके दोन वेगळ्या गावांसारखी दूर. सामान, फायली, सोबतचा माणूस आणि डोक्यावर ऊन असताना नावातली जवळीक कामाची नसते. तो मुकाट्याने टॅक्सी करतो. अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत, एकामागे बाजार, दुसऱ्यामागे रेल्वे. चुकीच्या चांदूरला उतरलेला पाहुणा निदान एकदाच फसतो. मोनोरेलचा प्रवासी नावाला रोज फसू शकला असता, म्हणून त्याने रोज येणेच सोडले.

अकाली म्हातारपण : गाडी पंचवीस-तीस वर्षे टिकावी अशी अपेक्षा असते. मुंबईची गाडी पाच वर्षांत थकली. ९ नोव्हेंबर २०१७ रोजी पहाटे मैसूर कॉलनी स्थानकात रिकाम्या गाडीचे दोन डबे जळाले. सेवा १ सप्टेंबर २०१८पर्यंत बंद राहिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्राधिकरणाने स्कोमीशी करार संपवला आणि गाडी स्वतःच्या हाती घेतली. हाती आल्या त्या थोड्याच चालू गाड्या. बाकीच्यांचे सुटे भाग काढून चालत्या गाड्यांना लावावे लागले. तुळईची रुंदी, चाकांची ठेवण, संग्राहक, सगळे त्या एका कंपनीच्या मापाचे. बाजारात दुसरा कोणी ते भाग बनवत नव्हता आणि स्कोमी स्वतःच आर्थिक अडचणीत होती. गाड्या कमी म्हणून फेऱ्या कमी, कधी पंधरा तर कधी पंचवीस मिनिटांनी गाडी, म्हणून प्रवासी कमी, म्हणून उत्पन्न कमी. पुढे हैदराबादच्या मेधा सर्वो ड्राइव्हज् या कंपनीकडे दहा नव्या देशी गाड्यांचे काम देण्यात आले.

इथे शकुंतलेची आठवण येते. मूर्तिजापूर ते अचलपूर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ती अरुंद रुळांची गाडी, तिचे इंजिन मँचेस्टरला १९२१ साली घडवलेले. ते वाफेवर धावत राहिले १९९४पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे. गती बैलगाडीला लाजवील अशी नव्हती, आणि मार्गाची उपेक्षा मुंबईपेक्षा कितीतरी जास्त झाली. तरी इंजिन टिकले, कारण शेडमधल्या मिस्त्रीला त्याचा प्रत्येक बोल्ट कळत होता आणि मोडलेला भाग ठोकून-घासून पुन्हा करता येत होता. नव्या गाडीत संगणक, संवेदक आणि परक्या देशातले पेटंट. ती बिघडली की मिस्त्री नव्हे, वकील लागतो.

१९ ऑगस्ट २०२५ : त्या दिवशी मुंबईत मुसळधार पाऊस झाला, हार्बर मार्गाच्या लोकल थांबल्या, आणि अकरा वर्षांत कधी नव्हे ती गर्दी मोनोरेलकडे वळली. संध्याकाळी मैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क यांच्या मध्ये एक गाडी थांबली. प्राधिकरणाच्या म्हणण्याप्रमाणे गाडीची क्षमता १०४ टन, भार १०९ टनांपर्यंत गेला. वजनाने संग्राहकाचा विजेच्या पट्टीशी संपर्क तुटला. आत अंधार, बंद काचा, घामाने गुदमरलेली माणसे. अग्निशमन दलाने खाली रस्त्यावर शिडीच्या गाड्या लावल्या आणि पाळण्यातून थोडी थोडी माणसे उतरवली. रात्री उशिरापर्यंत ५८२ जण बाहेर आले. ज्या एका संध्याकाळी शहराला या गाडीची खरी गरज पडली, त्या संध्याकाळी गरजच तिच्यासाठी जड झाली. पाच टनांचा फरक. वऱ्हाडात संत्र्याचा एक मध्यम ट्रक भरतो तेवढा. १५ सप्टेंबरला वडाळ्याकडे आणखी एक गाडी अडकली, आतल्या १७ प्रवाशांना काढावे लागले, आणि पाच दिवसांनी सेवाच थांबवण्यात आली.

इतर प्रयत्न : भारतात मोनोरेलची हौस जुनी आहे. पटियाला संस्थानात १९०७ ते १९२७ या काळात एक रूळ आणि रस्त्यावर टेकणारे एक मोठे चाक अशा पद्धतीची गाडी होती. तिचे एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आजही पाहता येते. मडगावला कोकण रेल्वेने लटकत्या डब्यांच्या स्कायबसचा चाचणी मार्ग बांधला होता. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीत डबा खांबावर आदळून एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, आणि पुढे तो मार्ग उतरवण्यात आला. ठाणे, भिवंडी, कल्याण या पट्ट्यासाठीही आधी मोनोरेलचाच विचार होता. नंतर तिथे मेट्रो ५चे काम हाती घेण्यात आले.

सेवा बंद ठेवून मुंबईच्या मार्गावर नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा बसवण्याचे काम सुरू करण्यात आले. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी वडाळ्याजवळ त्याच चाचण्या चालू असताना प्रवासी नसलेली एक गाडी तुळईवरून कलली. आतले कर्मचारी पुन्हा तसेच, खालून वर नेलेल्या मदतीनेच उतरवावे लागले.