पडद्यावरची नदी आणि वैतरणेचे खोरे

जव्हार - पावसाळ्यात जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत पाणी शोधावे लागत नाही, तेच माणसाला शोधत येते. घाटातल्या प्रत्येक वळणावर ओहोळ वाहत असतात, लेंडी नदीवरचा दाभोसा धबधबा तीनशे फुटांवरून कोसळत असतो आणि शनिवार-रविवारी मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. एकेकाळी ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणून ओळखले जाणारे हे गाव पर्यटकांच्या कॅमेऱ्यात भरून जाते ते याच दिवसांत. फाल्गुन सरता सरता मात्र त्याच डोंगरांतल्या पाड्यांवर विहिरींचा तळ दिसू लागतो, नदीच्या कोरड्या पात्रात झिरे खणले जातात आणि टँकरच्या मागणीचे अर्ज पंचायत समितीकडे जाऊ लागतात. या दुसऱ्या ऋतूत कॅमेरे फारसे येत नाहीत.

नद्या, भूप्रदेश आणि निसर्गसंवर्धन या विषयांना वाहिलेल्या चित्रपट महोत्सवांची परंपरा आता महाराष्ट्रात रुजली आहे. या महोत्सवांमध्ये काय दाखवले जाते, त्यातून काय साधते आणि जव्हार-मोखाड्यासारख्या प्रदेशाशी त्याचा संबंध काय, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरावे.

पुण्यातील आरंभ

राज्यातील या प्रकारचा सर्वांत परिचित उपक्रम म्हणजे किर्लोस्कर वसुंधरा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. २००७ साली पुण्यात त्याचा आरंभ झाला. उद्योगसमूहाने पुरस्कृत केलेला, विनामूल्य प्रवेशाचा आणि केवळ पर्यावरण या एकाच विषयाला धरून चाललेला महोत्सव ही त्या वेळी मराठी प्रेक्षकाला नवी गोष्ट होती. पुढे कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) अशा शहरांतही त्याची आवर्तने होऊ लागली. चित्रपटांच्या जोडीला छायाचित्र प्रदर्शने, व्याख्याने, शाळकरी मुलांसाठी स्पर्धा, निसर्गात व नदीकाठी काढलेल्या सहली असे त्याचे स्वरूप विस्तारत गेले. पर्यावरणक्षेत्रात दीर्घकाळ काम करणाऱ्यांना 'वसुंधरा सन्मान' दिला जातो.

या महोत्सवाचे खरे वेगळेपण मात्र पडद्याबाहेर दिसले. पुण्याच्या पश्चिमेला उगम पावून बावधन, पाषाण या उपनगरांतून मुळा नदीला मिळणाऱ्या रामनदीच्या पुनरुज्जीवनाचे काम याच व्यासपीठावरून हाती घेण्यात आले. सांडपाणी, राडारोडा आणि काठावरची बांधकामे यांनी गुदमरलेला हा छोटा प्रवाह अनेक पुणेकरांना नाला म्हणूनच ठाऊक होता. महोत्सवातला प्रेक्षक जगाच्या दुसऱ्या टोकाच्या नदीवरचा माहितीपट पाहून हळहळतो आणि घरी जाताना पुलाखालच्या पाण्याकडे पाहून नाकाला रुमाल लावतो, ही विसंगती आयोजकांनी ओळखली, हे महत्त्वाचे.

देशपातळीवर पाहता, १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने माहितीपटांची सवय भारतीय प्रेक्षकाला लावली. चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी दाखवल्या जाणाऱ्या त्या रिळांमध्ये धरणे मात्र बहुधा विकासाची मंदिरे म्हणूनच येत. मुंबईत १९९० पासून भरणाऱ्या माहितीपट, लघुपट व अॅनिमेशनपटांच्या द्वैवार्षिक महोत्सवामुळे स्वतंत्र माहितीपटकारांना हक्काचा पडदा मिळाला. तोही निर्विघ्न नव्हता. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा प्रयत्न झाला तेव्हा दिग्दर्शकांनी एकत्र येऊन मुंबईतच 'विकल्प' या नावाने समांतर प्रदर्शन भरवले. धरण, विस्थापन, जंगलावरचा हक्क हे विषय पडद्यावर आले की वाद उद्भवतात, आणि असे वाद अंगावर घेण्याची तयारी किती आहे यावरच पर्यावरणविषयक महोत्सवाचे सत्त्व जोखावे लागते.

नर्मदेवरील चित्रपट याचे उत्तम उदाहरण आहेत. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची 'अ नर्मदा डायरी' १९९५ मधली, तर संजय काक यांचा 'वर्ड्स ऑन वॉटर' २००२ मधला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या महाराष्ट्रातील पहिल्या गावांपैकी मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले. नंदुरबारच्या या डोंगरातल्या आदिवासींचा प्रश्न शहरातल्या वाचकापर्यंत वृत्तपत्रांइतकाच, कदाचित अधिक तीव्रतेने, या चित्रपटांनी पोहोचवला.

चित्रपटाने काय होते?

हा प्रश्न प्रत्येक महोत्सवात कोणी ना कोणी विचारतो. त्याची दोन ठोस उत्तरे भारतातच आहेत. माईक पांडे यांच्या 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या चित्रपटाने गुजरातच्या किनाऱ्यावर चाललेली देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क या अजस्र माशाची कत्तल जगासमोर आणली. ब्रिस्टल येथील वाइल्डस्क्रीन महोत्सवात २००० साली त्याला मानाचा पांडा पुरस्कार मिळाला आणि २००१ मध्ये या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. मत्स्यवर्गातील प्राण्याला मिळालेले भारतातले हे अशा स्वरूपाचे पहिलेच कायदेशीर संरक्षण मानले जाते.

दुसरे उदाहरण नदीचेच आहे. कर्नाटकातील कुद्रेमुख येथे लोहखनिजाच्या खाणीतून सुटणारा गाळ भद्रा नदीत उतरत होता. शेखर दत्तात्री यांनी २००१ मध्ये त्यावर छोटा माहितीपट केला. भर पावसात लालभडक झालेले पात्र त्यात स्पष्ट दिसते. खाणीविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते. न्यायालयाने २००२ मध्ये खाण आवरती घेण्याचा आदेश दिला आणि २००५ च्या अखेरीस ती बंद झाली. हे श्रेय एकट्या चित्रपटाचे नव्हे. त्यामागे याचिका होती, शास्त्रज्ञांची मोजमापे होती, कार्यकर्त्यांची चिकाटी होती. परंतु गाळाचे आकडे वाचणे आणि गाळ वाहताना पाहणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर चित्रपट भरून काढतो.

कथापटांचा मार्ग निराळा. 'श्वास'चे दिग्दर्शक संदीप सावंत यांनी २०१७ च्या 'नदी वाहते'मध्ये कोकणातल्या एका छोट्या नदीची आणि तिच्या काठच्या माणसांची गोष्ट सांगितली. आदिनाथ कोठारे दिग्दर्शित 'पाणी'ला ६६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पर्यावरण संवर्धनावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. २०१९ मध्ये पुरस्कार जाहीर झालेला हा चित्रपट प्रेक्षकांपर्यंत चित्रपटगृहात पोहोचायला मात्र २०२४ उजाडले. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडी या तहानलेल्या गावाने पाणी कसे अडवले, हा त्याचा विषय. त्याआधी १९७७ मध्ये जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत'ने ठाकर समाजाचे डोंगर, मध आणि श्रद्धा यांचे विश्व मराठी पडद्यावर आणले होते. ठाकरांचे पाडे जव्हार-मोखाड्यातही आहेत.

मुंबईच्या नळाचे दुसरे टोक

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा हे दोन्ही तालुके ठाण्यातून त्यात आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची ही भूमी. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचे आदिवासी संस्थान होते. डोंगरउतारावर पडणाऱ्या पावसाचा काही भाग वाघ नदीतून दमणगंगेला मिळून गुजरातच्या दिशेने जातो, काही पिंजाळमार्गे वैतरणेत उतरतो. खाली काळा बेसाल्ट, वर मातीचा पातळ थर, जमीन उताराची. त्यामुळे पडलेले पाणी मुरण्याऐवजी धावते. धो धो पाऊस आणि उन्हाळ्यातली टंचाई एकाच गावात नांदतात, त्यामागचे पहिले कारण हे. दुसरे कारण नियोजनाचे आहे.

मुंबईने या खोऱ्यातले पाणी अडवण्याचे काम पिढ्यान् पिढ्या केले. तानसा तलाव १८९२ चा, वैतरणेवरील मोडकसागर १९५७ चा. पुढे अप्पर वैतरणा झाले, आणि मोखाडा व शहापूर तालुक्यांच्या सीमेवर कोचाळेजवळ सुमारे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण उभे राहिले. त्यातून शहराला दररोज ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी मिळते. धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, ही बातमी दर वर्षी छापून येते आणि दर वर्षी शिळी होते.

पुढचे प्रस्तावही याच दिशेने आहेत. दमणगंगा-पिंजाळ नदीजोड योजनेसाठी केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात मे २०१० मध्ये करार झाला, सविस्तर प्रकल्प अहवाल २०१४ मध्ये तयार झाला. भुगड आणि खारगीहिल येथे धरणे बांधून तेथले पाणी बोगद्यांनी पिंजाळच्या जलाशयात आणायचे आणि तेथून मुंबईला न्यायचे, अशी ही मांडणी आहे. बुडणाऱ्या जमिनीत भातखाचरे आहेत, नाचणी-वरईचे माळ आहेत आणि जंगलही आहे. भात कापून झाला की येथली कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. उरलीसुरली जमीनही गेली तर परत यायचे कुठे, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अहवालातल्या कोणत्याही आकड्याहून मोठा आहे.

अशा प्रदेशात नदीवरच्या चित्रपटांचा महोत्सव भरवायचा तर फार काही लागत नाही. आश्रमशाळेचे पटांगण, पांढरा पडदा, एक प्रोजेक्टर आणि वीज गेली तर जनित्र. दिग्दर्शकांची परवानगी आणि प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट, एवढे सोपस्कार. अडचण निवडीची आहे. इंग्रजी निवेदनाचे, चकचकीत चित्रीकरणाचे चित्रपट शहरात टाळ्या घेतात. पाड्यावर मराठीत किंवा वारली-कोकणा बोलीत समजावून सांगणारा माणूस पडद्याशेजारी उभा राहिला नाही, तर तासाभरात पटांगण रिकामे होईल. शिवाय येथला प्रेक्षक नदीविषयी शिकायला येणार नाही, ती त्याला पाठ आहे. त्याला पाहायचे असेल ते असे की, दुसऱ्या खोऱ्यातल्या लोकांनी धरणाच्या वेळी काय केले, मोबदला कसा मिळवला, नागदरवाडीकरांनी बांध कुठे घातले.

रात्रभर जागून एकापाठोपाठ एक प्रतिमा पाहण्याची सवय या भागाला जुनीच आहे. होळीच्या पुढे-मागे मोखाड्यात आणि गावोगाव बोहाडा रंगतो. संबळ-सनईच्या तालावर, मशाली-दिवट्यांच्या उजेडात देवादिकांची आणि राक्षसांची सोंगे मुखवटे चढवून नाचत येतात. गणपती आधी, मग एकेक करून बाकीचे, आणि शेवटी जगदंबा व महिषासुराचे युद्ध. ते संपेपर्यंत पहाट होते. घोंगडी अंथरून बसलेली पोरे तोवर झोपलेली असतात, आणि बायका घरी न थांबता हंडे घेऊन विहिरीकडे वळतात, कारण रात्रभरात तळाशी जमलेले पाणी आधी पोहोचेल तिचे असते.