उंच घरें आणि उतारवय

म्हातारपणीं माणसाला काय हवें असतें? पोटापुरतें अन्न, औषधपाणी आणि डोक्यावर हक्काचें छप्पर. यांपैकीं छपराचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न कुटुंबाच्या उंबरठ्याबाहेर पडला म्हणजे तो नगराच्या तिजोरीपाशीं येऊन थांबतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न कसा उभा राहिला आणि त्याचें उत्तर उंच इमारतींत कां शोधलें गेलें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१९३७ सालीं तेथें सार्वजनिक गृहनिर्माणाचा कायदा झाला. घरें बांधावयाचीं तीं ठिकठिकाणच्या स्थानिक गृहमंडळांनीं. मंडळानें कर्जरोखे काढून भांडवल उभारावें; त्यांचें मुद्दल व व्याज फेडण्यासाठीं मध्यवर्ती सरकारनें दरवर्षीं रक्कम द्यावी; नगरानें आपला वांटा म्हणून त्या इमारतींवरील मालमत्ता-कर सोडून द्यावा; आणि दिवाबत्ती, झाडलोट, दुरुस्ती हा रोजचा खर्च भाड्यांतून भागवावा, अशी ही व्यवस्था होती. पुढें कराच्या ऐवजीं निव्वळ भाड्याचा दहावा हिस्सा नगराला देण्याची वहिवाट पडली. नगरानें रोख पैसा थोडाच ओतला. परंतु सोडलेला कर हाहि खर्चच होय. तो डोळ्यांत भरत नाहीं, एवढेंच.

या कायद्यांत एक उणीव होती. घर मिळावयाचें तें कुटुंबाला. आणि एकटी राहणारी विधवा म्हणजे कांहीं कुटुंब नव्हे! १९५६ च्या कायद्यानें ही अडचण दूर केली व एकट्या वृद्धांनाहि सार्वजनिक घरांचें दार उघडलें. त्यानंतर १९६० सालीं टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहराच्या गृहमंडळानें ‘व्हिक्टोरिया प्लाझा’ नांवाची नऊ मजली इमारत केवळ वृद्धांसाठीं उभारली. तळमजल्यावर वृद्धांचें मनोरंजन-केंद्र आणि वर लहान लहान बिऱ्हाडें, अशी तिची रचना होती. या मंडळाच्या संचालिका मारी मॅग्वायर यांना १९६१ सालीं राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनीं सबंध देशाच्या सार्वजनिक गृहविभागाचें प्रमुखपद दिलें. फ्रान्सिस कार्प या मानसशास्त्रज्ञ विदुषीनें तेथील रहिवाशांचा अनेक वर्षें अभ्यास केला. घर मिळालेले अर्जदार घर न मिळालेल्यांपेक्षां अधिक समाधानी व अधिक मिळून-मिसळून राहणारे झाले, असें तिला आढळून आलें.

नगरांना वृद्धांचे मनोरे आवडूं लागले, त्याचें कारण मात्र निव्वळ भूतदया नव्हे. शहराच्या मध्यभागीं जमीन महाग. म्हणून वर चढणें क्रमप्राप्त होतें. शिवाय गरीब कुटुंबांची, विशेषतः काळ्या लोकांची, वस्ती शेजारीं नको म्हणून जे नागरिक सभा गाजवीत, तेच म्हाताऱ्यांच्या इमारतीला सहसा विरोध करीत नसत. जेथें मतभेद कमी, तेथें पैसा लवकर वाहतो.

परंतु इमारत एकदां बांधली जाते. लिफ्ट मात्र रोज चालावी लागते. सेंट लुइस शहरांतील प्रुइट-आयगो ही अकरा मजली इमारतींची वसाहत कुटुंबांसाठीं होती. तेथील लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. दुरुस्तीचा सारा भार भाड्यावर. उत्पन्न घटलें तशी वसाहत मोडकळीस आली. १९६९ सालीं भाडेकरूंनीं भाडें रोखून संप पुकारला आणि १९७२ पासून त्या इमारती सुरुंग लावून पाडूं लागले. त्याच १९६९ सालीं सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीनें भाड्याला उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याची मर्यादा घातली गेली. गरिबांना ती न्याय्यच होती. परंतु मंडळांची मिळकत आटली आणि रोजच्या खर्चासाठींहि मध्यवर्ती सरकारापुढें हात पसरणें भाग पडलें. ती मदत गरजेइतकी पुरली नाहीं. २०१० सालच्या सरकारी पाहणींत देशांतील सार्वजनिक घरांची तुंबलेली दुरुस्ती सुमारे २६ अब्ज डॉलरांची भरली.

तरुणाला लिफ्ट बंद पडली तर त्रास होतो. नवव्या मजल्यावरील ऐंशी वर्षांच्या बाईला तो बंदिवास होतो. तिचा बाजार, दवाखाना, तळमजल्यावरची मैत्रीण, सारें एका तारेवर लोंबकळत असतें. म्हणून वृद्धांसाठीं उंच घर बांधणाऱ्या नगरानें कोनशिलेच्या दिवशींच स्वतःला एक प्रश्न विचारावा: तीस वर्षांनंतर ही लिफ्ट कोणाच्या पैशानें चालणार? ज्या अंदाजपत्रकांत या प्रश्नाचें उत्तर लिहिलेलें असतें, तेंच खरें वृद्धांचें अंदाजपत्रक. बाकीचें नुसतें चुनाविटांचें.