पेढी आणि वारसा

स्वारगेटहून मार्केट यार्डाकडे जाताना पेढ्यांच्या पाट्यांवर 'ब्रदर्स', 'आणि सन्स' अशी नावे दिसतात. वडिलांचा धंदा मुलांकडे आला, एवढेच पाटी सांगते. धंद्याबरोबर आणखी काय आले, हे जाणून घेण्यासाठी दोन कलाकृती शेजारी ठेवून पाहाव्यात, असे आम्हांस वाटते.

जोसेफ मँकिविझ यांचा 'हाउस ऑफ स्ट्रेंजर्स' १९४९ साली प्रदर्शित झाला. न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीतील जीनो मोनेटीची पेढी हा त्याचा विषय. एडवर्ड जी. रॉबिन्सन यांना या भूमिकेसाठी कान महोत्सवात पारितोषिक मिळाले. जीनो कागदपत्रांविना कर्ज देतो, जबर व्याज घेतो आणि मुलांना नोकरांसारखे राबवतो. पेढी बंद पडून खटला उभा राहतो, तेव्हा वकील मुलगा मॅक्स ज्यूरीतील स्त्रीला लाच देऊ पाहतो. त्याचा भाऊ जो पोलिसांना वर्दी देतो. मॅक्स सात वर्षे तुरुंगात जातो, पेढी इतर भावांकडे जाते. अखेरीस जो पिएत्रोला मॅक्सचा जीव घ्यायला सांगतो आणि तो कचरताच बापाचीच जुनी शिवी त्याला हासडतो. त्या शिवीने पिएत्रो जोवरच उलटतो. पेढी भावांना मिळाली. बापाची जीभ मात्र जोच्या वाट्याला आली.

विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' १९७० साली श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. येथे प्रभावाचा शोध घेण्याचा आमचा हेतू नाही. साम्य परिस्थितीचे आहे. हरी पितळे यांनी सख्ख्या भावाला फसवून धंदा गिळला. रमाकांत व उमाकांत तोच धडा बापावर गिरवतात: त्याला दारू पाजून, मारहाण करून बँकेतल्या पैशांचा पत्ता काढतात. पुढे बहीण माणिकच्या गर्भावरही लाथ बसते. तिच्या लुगड्यावरील रक्ताच्या डागावर सेन्सॉरने आक्षेप घेतला. त्या डागामागचा हिशेब मात्र घरोघरच्या ओळखीचा होता.

दोहोंत फरक आहे तो सुटकेचा. मॅक्स पिएत्रोला आवरतो, सूड सोडतो आणि प्रेयसीसह निघून जातो. पितळ्यांच्या घरात अशी वाट नाही. जे घडते ते शब्दांत मांडतो तो रजनीनाथ, म्हणजे धंद्यात वाटा नसलेला अनौरस मुलगा. इस्टेटीची वाटणी कायदा करू शकतो. बापाकडून आलेली वागण्याची रीत मात्र वारसाने स्वतःच नाकारावी लागते.