लुगड्याच्या काठाने खुलवा पडदे

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि भिंगार येथील लुगड्यांच्या विणकामाची नोंद १८८४ च्या गॅझेटियरमध्ये आढळते. घरातील असे जुने लुगडे विरले, तरी घट्ट विणीमुळे त्याचे काठ बहुधा शाबूत राहतात. पडदे बांधण्यासाठी ते उत्तम.

पडद्याच्या चुण्या गोळा करून भोवती टेपने माप घ्यावे. तेवढा काठ कापून आतून अस्तर लावावे आणि दोन्ही टोकांना कड्या शिवाव्यात. पट्टा बरोबर मध्यावर न बांधता तळापासून एक तृतीयांश उंचीवर बांधल्यास खिडकी उंच भासते. तलम पडद्यांना मोत्यांची माळ किंवा गोंड्यांची दोरी शोभते. मात्र घरात लहान मुले असल्यास लोंबती दोरी वा माळ टाळावी. गळ्याला फास बसण्याचा धोका असतो.