इंदूरच्या घाटवाटा

पावसाळा लागला की आम्हा इंदूरकरांच्या गाड्या दक्षिणेकडे वळतात. उज्जैनला आपण देवदर्शनासाठी जातो, पण डोंगर, धबधबा आणि धुके हवे असेल तर महू ओलांडावेच लागते. पाताळपाणी, चोरल, जानापाव, जाम दरवाजा, मांडू, महेश्वर ही आपली ठरलेली ठिकाणे. सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघायचे, दुपारी एखाद्या झाडाखाली दाल-बाफल्यांचा बेत करायचा आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतायचे.

ही सारी ठिकाणे विंध्याच्या धारेवर किंवा तिच्या पायथ्याशी आहेत. माळव्याचे पठार जिथे संपते आणि खाली निमाड सुरू होतो, तिथून उतरणाऱ्या वाटांवर ती वसली आहेत. आपले पूर्वज दक्षिणेतून माळव्यात आले ते याच बाजूने घाट चढून. म्हणून या सहलीच्या रस्त्यांचा इतिहास हा आपलाही इतिहास आहे.

आधी भूगोल पाहू. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, तर नर्मदाकाठची महेश्वर, मंडलेश्वर ही गावे २०० मीटरच्याही खाली आहेत. माळव्याचा उतार उत्तरेकडे असल्यामुळे शहरातून दक्षिणेला निघाले की जमीन हळूहळू चढत जाते आणि मग एकाएकी कडा येतो. जानापावच्या डोंगरातून निघणारी चंबळ उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते. जवळच्याच डोंगरातली चोरल मात्र दक्षिणेला उतरून नर्मदेला मिळते. खडक तोच काळा कातळ, जो सह्याद्रीत आहे. त्यामुळे श्रावणात जामच्या कड्यावर उभे राहिलेल्या माणसाला कोकणातल्या घाटाची आठवण झाली, तर त्यात नवल नाही.

या कड्यामुळे दिल्लीकडून दख्खनेत जाणाऱ्या फौजांना आणि दख्खनेतून उत्तरेला जाणाऱ्यांना मोजक्याच वाटा होत्या. मांडूचा किल्ला अशाच वाटांवर नजर ठेवून उभा आहे. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पा नर्मदा ओलांडून घाट चढून आले आणि २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर व त्याचा भाऊबंद दया बहादूर दोघेही पडले. त्यानंतरच्या काही वर्षांत होळकर, शिंदे आणि पवार यांची माळव्यात ठाणी बसली. इंदूर, उज्जैन, धार, देवास या गावांत आज जी मराठी घरे आहेत, त्यांच्यापैकी जुन्या घरांचा माळव्याशी संबंध जुळला तो इथून.

फौजेच्या वाटेचा रस्ता केला तो अहिल्यादेवींनी. १७६७ मध्ये कारभार हाती आल्यावर त्यांनी आपले ठाणे महेश्वरला नेले. राजधानी घाटाखाली आणि राज्याचा मोठा मुलूख घाटावर, अशी स्थिती झाली. धान्य, कापड, खजिना, डाक, यात्रेकरू, सारे या कड्यावरून चढणार-उतरणार. महूहून मंडलेश्वरकडे जाताना घाटाच्या माथ्यावर जो जाम दरवाजा लागतो, तो त्यांच्या काळातला, १७९१ चा. त्याला ना तटबंदी, ना मागे किल्ला. मोकळ्या माथ्यावर एकटा दरवाजा पाहून मुले विचारतात, हा कशासाठी? उत्तर सोपे आहे. हा गावाचा किंवा किल्ल्याचा नाही, रस्त्याचा दरवाजा आहे. खालून चढून आलेल्या वाटसरूला इथे माळव्यात पाऊल टाकल्याची खूण मिळे.

पण घाट काही रिकामा नव्हता. या डोंगरात भिल्लांची वस्ती पूर्वापार होती आणि जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर थोडे शुल्क घेणे हा ते आपला हक्क मानत. त्याला ‘भील कवडी’ म्हणत. अहिल्यादेवींनी उपद्रव करणाऱ्यांचा बंदोबस्त केला, तरी हा जुना हक्क मोडून काढला नाही, तो मान्य केला. त्याच्या बदल्यात वाटसरूंचे रक्षण करण्याची आणि आपल्या हद्दीत चोरी झाल्यास माल शोधून देण्याची जबाबदारी भिल्लांवर टाकली. पुढे जॉन माल्कमने माळव्याची माहिती गोळा केली, तेव्हा त्याने ही व्यवस्था मुद्दाम नोंदवून ठेवली. २०२५ मध्ये देवींची त्रिशताब्दी आपण साजरी केली. मंदिरे आणि नदीचे घाट यांचा गौरव तेव्हा पुष्कळ झाला. डोंगरातल्या माणसांचा हक्क ओळखून रस्ता सुरक्षित करणाऱ्या या शहाणपणाची आठवणही त्याच तोडीची आहे.

होळकरांचा महिदपूरला पराभव झाला आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली. त्याच वर्षी महूची छावणी बसली. सैन्यातल्या नोकरीमुळे महाराष्ट्रातली अनेक कुटुंबे महूला येऊन राहिली. सुभेदार रामजी सकपाळ त्यांच्यापैकीच एक, आणि १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महूलाच झाला. घाटाकडे जाताना महूतून नुसते पुढे निघून जाणे म्हणूनच बरे नाही.

मग आली आगगाडी. खंडव्याहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग आधीच झाला होता, पण इंदूर आणि खंडवा यांच्यामध्ये नर्मदा आणि विंध्य असे दोन अडथळे होते. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी या मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले. संस्थानिक कर्ज देतो आणि सरकार घेते, हा उलटा व्यवहारच म्हणायचा! या मार्गाला ‘होळकर स्टेट रेल्वे’ हे नाव मिळाले. १८७६ मध्ये नर्मदेवरचा पूल खुला झाला. पाताळपाणी ते कालाकुंड या साडेनऊ किलोमीटरच्या टप्प्यात चार बोगदे आहेत, आणि चढ इतका की चाळीस फुटांमागे रूळ एक फूट वर येतो. चढणीवर गाडीला जादा इंजिन लावावे लागे.

पुढे याच मीटरगेजने खंडव्यावरून अकोला आणि पूर्णेपर्यंत गाड्या जाऊ लागल्या. विदर्भ-मराठवाड्यातले सोयरसंबंध, लग्नाची वऱ्हाडे, दिवाळीला माहेरी येणाऱ्या लेकी, लोणच्याच्या बरण्या, सारे या घाटातून वर-खाली झाले. ब्रॉडगेजच्या कामामुळे आता ती नेहमीची गाडी राहिली नाही. डिसेंबर २०१८ पासून पाताळपाणी-कालाकुंड अशी वारसा गाडी पर्यटकांसाठी धावू लागली. कालाकुंडचा कलाकंद द्रोणात घेऊन खाताना एवढे मनात असावे की ही मौजेची गाडी एकेकाळी माहेरची गाडी होती.

याच पाताळपाणीला रुळांजवळ तंट्या भिल्लाचे ठाणे आहे. सावकार आणि सरकार यांना निमाडात वर्षानुवर्षे हैराण करणाऱ्या तंट्याला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी झाली. त्याचा देह इथे आणून टाकला, असे लोक सांगतात. इथे गाडी क्षणभर थांबवून तंट्यामामाला मान देण्याचा रिवाज पडला. जाम दरवाज्याशी भिल्लांचा हक्क मानला गेला आणि शंभर वर्षांच्या आत त्याच डोंगरात एका भिल्लाला बंड करावे लागले. या दोन जागा एकाच दिवसात पाहता येतात, आणि पाहाव्यात.

शेवटचे ठिकाण थोडे दूरचे आहे आणि तिथे आपल्यापैकी फार थोडे गेले आहेत. भेरूघाट उतरून, बडवाह आणि सनावद ओलांडून बेडियाकडे गेले की नर्मदेकाठी रावेरखेडी लागते. नासिरजंगाशी झालेल्या तहात हंडिया आणि खरगोण हे परगणे बाजीराव पेशव्यांना मिळाले होते. त्या बाजूला आले असताना २८ एप्रिल १७४० रोजी त्यांचा इथे अंत झाला. वय चाळीसही पुरे नव्हते. नदीकाठी तटाच्या आत त्यांची साधी समाधी आहे. महेश्वर धरणाच्या पाण्यात ती जाईल की काय, ही काळजी इतिहासप्रेमींना कित्येक वर्षे लागून राहिली. चित्रपट आला की बाजीरावांवर आपण तावातावाने बोलतो, आणि समाधी मात्र अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असूनही राहून जाते.

आपली नवी पिढी घराबाहेर हिंदीतच वाढते, त्यात दोष कुणाचा नाही. पण होळकरशाहीचे कागद मराठीत आहेत, बरेचसे मोडीत आहेत. महेश्वर दरबारची बातमीपत्रे छापून प्रसिद्ध झाली आहेत आणि मराठी येणाऱ्या कुणालाही ती वाचता येतात. महेश्वरला वाटाड्या जी गोष्ट सांगतो, तिच्यामागचा कागद वाचू शकणारी माणसे इंदुरात आपल्या घरांतच आहेत. ती कमी होत चालली आहेत, हे मात्र खरे.

म्हणून पुढच्या सहलीसाठी आमची एवढीच सूचना. जाम दरवाज्याशी फोटो काढून झाला की मुलांना त्याचे साल आणि भील कवडीची गोष्ट सांगावी. धबधब्याच्या पाण्यात उतरू नये, वर पाऊस झाला तर पाणी पाहता पाहता वाढते. पत्रावळी आणि बाटल्या परत आणाव्यात, घाट आपल्याआधी ज्यांचा होता त्यांची गावे आजही तिथे आहेत. आणि वर्षातली एक सहल रावेरखेडीसाठी राखून ठेवावी.