लग्नाचे छायाचित्र : काय टिपता येत होते आणि काय टिपले गेले

लग्नाचे छायाचित्र यशस्वी कधी म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे. प्रस्तुत टिपणात हा बदल तंत्र आणि समाज या दोन अंगांनी पाहू.

१. स्थिरतेचा काळ
मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तेथील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळी ओल्या कलोडियन काचेवर चित्र घेत. काच ओली असतानाच सर्व प्रक्रिया उरकावी लागे आणि माणसाला काही सेकंद निश्चल बसावे लागे. अंतरपाट दूर होतो तो क्षण अशा काचेवर उमटणे शक्य नव्हते. म्हणून जोडप्याला स्टुडिओत बसवून चित्र काढले जाई. न हललेला, स्पष्ट चेहरा हेच तेव्हाचे यश. जुन्या चित्रांतील गंभीर चेहऱ्यांवरून ती माणसे दुःखी होती, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चूक ठरते.

२. कोण बसले, कोण उभे?
बऱ्याच जुन्या चित्रांत नवरा खुर्चीवर आणि बायको शेजारी उभी दिसते. ही मांडणी घरातील मानाची उतरंड दाखवते. परपुरुषासमोर बसण्याचा संकोचही होताच. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानात स्त्रियांसाठी वेगळा झनाना स्टुडिओ काढला, तेथे छायाचित्रे घेणारीही स्त्रीच होती. कॅमेऱ्यामागे कोण आहे यावर समोरच्याची मोकळीक ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

३. क्षणाचा काळ
१८८७ मध्ये मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आली, पुढे फ्लॅशबल्ब आणि वेगवान फिल्म. १/१२५ सेकंदात चित्र मिळू लागले, तसा कॅमेरा मांडवात शिरला. उडत्या अक्षता, मुंडावळ्यांआडचे हसू, पाठवणीच्या वेळी डोळे पुसणारा बाप हे सारे अल्बममध्ये आले. भिलाई-चरोद्यासारख्या पोलाद आणि रेल्वेच्या वसाहतींत गाव सोडून आलेल्या कुटुंबांसाठी असा अल्बम म्हणजे न गाठता आलेल्या लग्नाची हजेरीच होती.

४. निष्कर्ष
आज तंत्राची अडचण उरलेली नाही. तरीही ‘प्रीवेडिंग’ चित्रांत जोडपे पुन्हा सांगितल्याप्रमाणे उभे राहते. पूर्वी काच मंद होती म्हणून उभे राहावे लागे. आता नमुना ठरलेला आहे म्हणून. नवी जागा, धूर, ड्रोन यांनी चित्र वेगळे दिसेल, पण तेवढ्याने ते सर्जनशील होत नाही. त्या दोघांच्या जागी दुसरे कोणतेही जोडपे ठेवले आणि चित्रात काहीच बिघडले नाही, तर ते चित्र फसले असे समजावे.

स्वाध्याय : घरातील तीन पिढ्यांची लग्नाची छायाचित्रे शेजारी ठेवा. कोण बसले आहे, कोण कोणाकडे पाहते आहे, प्रकाश कोठून येतो, हे लिहा. त्यातील कोणती गोष्ट तंत्रामुळे घडली आणि कोणती रूढीमुळे, ते वेगळे करा.