‘श्रुति’ संज्ञेची अर्थांतरे

संगीतशास्त्रातील ‘श्रुति’ ही संज्ञा ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून सिद्ध झाली आहे. जे कानाला वेगळे म्हणून ऐकू येते ती श्रुति. व्युत्पत्ति इतकी सरळ असूनही विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात या संज्ञेवरून तीव्र वाद झाला. एकाच शब्दाने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या गोष्टी दर्शविल्या गेल्या, हे त्या वादाचे एक मुख्य कारण होय.

भरताच्या नाट्यशास्त्रात श्रुति हे अंतराचे माप आहे. षड्जग्रामातील सात स्वरांना अनुक्रमे 4, 3, 2, 4, 4, 3 व 2 अशा एकूण 22 श्रुति दिल्या आहेत. मध्यमग्रामात पंचम 3 श्रुतींचा होतो. दोन पंचमांमधील हा फरक म्हणजेच प्रमाणश्रुति. दोन सारख्या वीणा घेऊन त्यांपैकी एक चार सारणांनी क्रमाक्रमाने उतरवावयाची, असा भरताचा प्रयोग आहे. दुसऱ्या सारणेत द्विश्रुतिक, तिसरीत त्रिश्रुतिक व चौथीत चतुःश्रुतिक स्वर अचल वीणेवरील आपल्या खालच्या स्वरांशी मिळतात. चार, सहा व बारा यांची बेरीज बावीस होते. या संपूर्ण विवेचनात तारेची लांबी कोठेही मोजलेली नाही. निर्णय कानाचा आहे.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त वीणेवर 22 तारा कल्पिल्या. लगतच्या दोन नादांमध्ये तिसरा नाद ऐकू येऊ नये, अशी त्याची अट आहे. येथे प्रत्येक श्रुतीला स्वतंत्र तार मिळाली. मापाचे स्थान झाले. पुढे सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीत-पारिजाता’त स्वरस्थाने तारेच्या लांबीवरून सांगितली.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात 22 श्रुतींना कंपनसंख्यांची निश्चित गुणोत्तरे दिली. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा आधार त्यांना लाभला होता, तर ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने हा विचार पुढे नेला. बडोद्याच्या 1916 च्या संगीत-परिषदेत श्रुति-हार्मोनियमवरून मतभेद उघड झाले. मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे यांनी या प्रतिपादनास विरोध केला. प्राचीन ग्रंथकार स्वर त्याच्या अंतिम श्रुतीवर ठेवीत. भातखंड्यांनी तो पहिल्या श्रुतीवर ठेवून बिलावल हा शुद्ध थाट मानला. त्यामुळे अंकांचा क्रम तोच राहूनही सप्तक बदलले.

दोन्ही पक्षांना परंपरेचा आधार हवा होता. परंतु भरताचे माप, शार्ङ्गदेवाचे स्थान व देवलांचे गुणोत्तर ही एकच वस्तू नव्हे. 9/8 व 10/9 या अंतरांतील फरक 81/80 येतो व तो प्रमाणश्रुतीशी जुळविता येतो, हे खरे. तथापि तो भरताच्या वचनाचा अर्थ लावणे आहे, ते वचन नव्हे. म्हणून श्रुति किती, या प्रश्नाआधी कोणत्या ग्रंथातील श्रुति, हे ठरविणे अवश्य आहे.